संमतीविना गाडी नेल्यास : कलमे, तक्रार आणि कागदपत्रे

मालकाच्या संमतीविना गाडी नेणारा प्रत्येक जण कायद्याने चोर ठरत नाही, आणि तक्रार लिहून देताना नेमकी इथेच गफलत होते. पुतण्याने खुंटीवरची किल्ली काढून मोटारसायकल चंदगडपर्यंत फिरवून आणली, तर सहसा मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 197 लागू होते. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. विचारले असते तर मालकाने होकारच दिला असता, असा त्याचा समज वाजवी होता हे न्यायालयाला पटल्यास मात्र दोषसिद्धी होत नाही. हेतू अप्रामाणिक असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल वा प्रवासी वाहतुकीची गाडी असेल, तर कलम 305 नुसार सात वर्षांपर्यंत. पुतण्या अठरा वर्षांखालील असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ चा रोख पालकाकडे आणि मालकाकडे वळतो, आणि गाडी आपल्या नकळत नेली हे त्यांनाच सिद्ध करावे लागते.

चोरीची तक्रार 1 जुलै 2024 पासून कोणत्याही ठाण्यात देता येते; गाडी गडहिंग्लजहून गेली असली तरी निपाणीत ती नोंदवून घ्यावी लागते. तोंडी सांगितलेली तक्रार अधिकाऱ्याने लिहून, वाचून दाखवावी लागते. आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या निपाणी भागात, ती कन्नडमध्ये लिहिली जाते. म्हणून निदान गाडीचा क्रमांक, चासी नंबर आणि नेल्याची वेळ यांवर बोट ठेवून अर्थ विचारावा आणि मगच सही करावी. प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज करता येतो, तिथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

सोबत आरसी, विमा पॉलिसी आणि ओळखपत्र न्यावे. विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, शिवाय तपास न लागल्याचा अहवालही, ज्याला कर्नाटकात ‘सी रिपोर्ट’ म्हणतात. त्यामुळे कंपनीला त्याच दिवशी कळवलेले बरे.

गाडी सापडल्यावर ती ठाण्याच्या आवारात गंजू देण्याचे कारण नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताबा मागणारा अर्ज करून बंधपत्रावर ती सोडवता येते. त्या वेळी पहिल्यांदा आरसीवरचे नाव पाहिले जाते, आणि कोल्हापूरहून जुनी गाडी घेऊन ट्रान्सफर न केलेल्यांची पंचाईत होते, ती तिथेच.