नवजात बाळांमधला सेप्सिस

जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत बाळाच्या रक्तात जंतू शिरून इन्फेक्शन अंगभर पसरणं म्हणजे नवजात सेप्सिस. घरात लोक सरळ 'रक्तात इन्फेक्शन गेलंय' म्हणतात, ते बरोबरच आहे, फक्त ते रक्तात थांबत नाही, फुफ्फुसात जातं, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतं, आणि कधीकधी हे सगळं काही तासांत होतं.

ओळखायला मात्र हा आजार भलताच फसवा. मोठ्या माणसाला इन्फेक्शन झालं की सणसणून ताप येतो, इथे तापही येतो पण बऱ्याचदा उलटंच होतं, अंग गार पडतं. काल चुटूचुटू दूध ओढणारं बाळ आज दोन घोट घेऊन तोंड सोडून देतं, रडणं क्षीण होतं, हातपाय ढिले पडतात आणि इकडे घरात कौतुक चाललेलं असतं की काय गुणी बाळ आहे, नुसतं झोपून असतं. तीन दिवसांच्या बाळाचा हा गुणीपणा चांगला नव्हे. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, झटके, बेंबीतून पू, यातलं काही दिसलं की रात्र काढत बसू नये, लगेच दवाखाना.

पहिल्या ७२ तासांत झाला तर जंतू बहुतेक आईकडून आलेले असतात. पाणमोट फुटून १८ तासांपेक्षा जास्त वेळ गेला, बाळंतिणीला ताप होता, पाण्याला घाण वास होता, आतून वारंवार तपासणी झाली की धोका वाढतो. त्यानंतरचा सेप्सिस बाहेरचा, म्हणजे न धुतलेले हात, बाटली, नाळेवर लावलेली राख नाहीतर तेल, आणि मध चाटवणं, जे अजूनही हौसेने चालतं. पेटीत ठेवलेल्या बाळाला सलाईनची नळी, व्हेंटिलेटर यातूनही जंतू लागतात, म्हणजे जे वाचवायला लावलं त्यातूनच. सगळ्यात जास्त धोका ३७ आठवड्यांच्या आधी झालेल्या आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना, कारण आईकडून मिळणाऱ्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, शेवटच्या तिमाहीतच जास्त येतात, त्या यायच्या आतच बाळ बाहेर.

जंतूही सगळीकडे सारखे नसतात. अमेरिका-युरोपात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचं नाव जास्त, आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय, आणि यातले बरेच नेहमीच्या अँटीबायोटिक्सना दाद देत नाहीत, ही खरी डोकेदुखी. ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात म्हणून डॉक्टर तोपर्यंत थांबत नाहीत, संशयावरच अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटीबायोटिक्स सुरू करतात.

या विषयात गडचिरोलीचं नाव जगभर घेतलं जातं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन करा, श्वास मोजा, दूध ओढतंय का बघा, आणि सेप्सिस वाटला तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्या. थोडं शिकलेली बाई आणि नवजात बाळाला सुई, तेव्हा भुवया उंचावल्याच असणार. पण १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले, सेप्सिस झालेल्या बाळांतलं मरणाचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर उतरलं होतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासतात, त्या कामाचं मूळ बरंचसं इथेच आहे.