जन्माचा दाखला: सोलापुरात नोंद कुठे होते, नाव कसं लागतं, चूक कशी सुधारते

दाखल्यात चूक निघाली की पहिलं भांडण दाखला देणाऱ्या खिडकीवर होतं. पण खिडकीवरच्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. दाखला नोंदवहीवरून निघतो, नोंद प्रपत्र १ वरून, म्हणजे जन्माची माहिती कळवायच्या छापील नमुन्यावरून होते आणि प्रपत्र १ बहुतेक वेळा रुग्णालयातल्या सिस्टरने किंवा क्लार्कने नातेवाइकांना विचारून भरलेलं असतं. त्या वेळी आई झोपलेली असते, बाप औषधं आणायला गेलेला असतो, आणि उत्तरं मामा किंवा आजी देते. बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

म्हणून घरातल्या एका माणसाने एवढं काम अंगावर घ्यावं. आई-वडिलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्सवर पेनाने स्वच्छ अक्षरात दोघांची पूर्ण नावं मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्यावीत. प्रपत्र भरून झालं की सही करण्याआधी ते वाचून घ्यावं आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. हा फोटो पुढे फार उपयोगी पडतो, तो कसा ते दुरुस्तीच्या भागात येईल.

प्रपत्राचे दोन भाग असतात. कायदेशीर भागात जन्मतारीख, लिंग, बाळाचं नाव, आई-वडिलांची नावं, त्यांचे आधार क्रमांक, जन्माच्या वेळचा पत्ता, कायमचा पत्ता, जन्मस्थळ आणि माहिती देणाऱ्याचं नाव असतं. दाखल्यावरचा मजकूर याच भागातून येतो. दुसरा भाग सांख्यिकी माहितीचा: आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, बाळाचं वजन, प्रसूतीचा प्रकार वगैरे. तो दाखल्यावर छापला जात नाही. जुळी झाली तर प्रत्येक बाळाचं प्रपत्र वेगळं भरलं पाहिजे. जन्मून काही तासांत बाळ दगावलं तरी जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी कराव्या लागतात.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि त्यातून दोन ठरावीक चुका होतात. पहिली आईच्या नावाची. आधार कार्डावर अजून माहेरचं नाव, लग्नाच्या नोंदणीत सासरचं, आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर तिसरंच. दाखल्यावर कोणतं नाव हवं ते आधीच ठरवा आणि त्याच नावाची कागदपत्रं द्या. दुसरी चूक पत्त्याची. जन्माच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता हे दोन वेगळे रकाने आहेत. माहेरचा पत्ता पहिल्यात चालतो, पण तोच दुसऱ्यात उतरला की दुरुस्तीचा अर्ज आलाच.

सोलापुरात यात आणखी एक भर पडते. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत आडनाव आधी लिहायची सवय, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड नावं, आणि लिहिणारा मराठी. श्रीनिवास हे नाव इंग्रजीत नुसत्या ‘एस’ने सुरू होतं की ‘एसएच’ने, लक्ष्मीच्या शेवटी ‘आय’ की ‘वाय’, हे ऐकून कुणालाच कळणार नाही. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघतो आणि पासपोर्टसाठी इंग्रजी अक्षरंच बघितली जातात. ती तोंडी सांगू नका, लिहून द्या.

नोंद कुठे होते

जिथे बाळ जन्मलं तिथे. तुम्ही कुठे राहता याच्याशी संबंध नाही. तुळजापूर, नळदुर्ग, इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडून कितीतरी बायका बाळंतपणासाठी सोलापूरच्या रुग्णालयांत येतात. त्या बाळांची नोंद सोलापूर महापालिकेत होते आणि गावचा पत्ता कायमच्या पत्त्याच्या रकान्यात जातो. गावच्या पंचायतीत पुन्हा नोंद करायची नसते. एका बाळाच्या दोन नोंदी झाल्या तर त्यातली एक रद्द करून घेणं हे मोठं लचांड होऊन बसतं.

महापालिका हद्दीत महापालिकेचं जन्म-मृत्यू कार्यालय, बार्शी-पंढरपूर-सांगोल्यासारख्या ठिकाणी नगरपरिषद, खेड्यात ग्रामपंचायत. तिथे निबंधकाचं, म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचं काम ग्रामसेवक करतात. त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आहे. रुग्णालयात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. घरच्या बाळंतपणात आशाताईंची नोंद आणि माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी ठेवा. जन्म खरंच त्या गावात झाला हे त्यावरून दिसतं.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण कितीतरी नोंदी तिथे बुडतात. बीडकडची टोळी माढ्याच्या किंवा माळशिरसच्या शिवारात उतरलेली असताना कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत बाळ जन्मलं तर त्याची नोंद त्या शिवाराच्या ग्रामपंचायतीत व्हायला हवी. हंगाम संपून टोळी गावी परतते, सहा वर्षांनी शाळा दाखला मागते, आणि तेव्हा कोणत्या गावच्या हद्दीत उतरलो होतो हे कुणालाच आठवत नाही. मुकादमाने किंवा बरोबरच्या कुणीही एकवीस दिवसांच्या आत पंचायतीत जाऊन एक प्रपत्र भरलं तरी त्या मुलाची सगळी वणवण वाचते. एकशे आठच्या गाडीत किंवा एसटीत वाटेत जन्म झाला, तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबली तिथे नोंद होते.

मुदत

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क, आणि नोंद झाल्यापासून सात दिवसांत माहिती देणाऱ्याला पहिला दाखला फुकट द्यायचा, असं कायदाच सांगतो. २१ ते ३० दिवसांत निबंधकच विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते.

एक वर्ष उलटलं की प्रकरण निबंधकाच्या हातून जातं. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. आता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. क्रम असा: आधी जन्माच्या ठिकाणच्या निबंधकाकडे शोध घ्यायला अर्ज द्यायचा. नोंद सापडली नाही की तो नोंद नसल्याचं प्रमाणपत्र देतो, म्हणजे प्रपत्र १०. ते जोडून तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज, सोबत जन्मतारखेचे आणि जन्मस्थळाचे पुरावे. आदेश मिळाल्यावर तो निबंधकाकडे द्यायचा, विलंब शुल्क भरायचं, मग नोंद.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने ही विलंबित नोंदीची प्रक्रिया कडक केली. पुराव्यांची छाननी आणि पोलिसांमार्फत पडताळणी होते, खोटी माहिती दिल्याचं निघालं तर गुन्हा दाखल होऊ शकतो. एजंटाकडून आठवड्यात दाखला आणून देण्याच्या गोष्टींना म्हणूनच भुलू नका. असे अर्ज फेटाळले जातात ते मुख्यतः एका कारणाने: जन्मतारखेचे पुरावे भरपूर असतात, जन्मस्थळाचा एकही नसतो. आधार कार्डावर जन्मस्थळ नसतंच. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, जन्मस्थळाचा उल्लेख असलेला शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, थोरल्या-धाकट्या भावंडांचे दाखले, असं काहीतरी शोधावं लागतं.

डिस्चार्ज कार्ड किंवा बाळाच्या पावलांचे ठसे घेऊन रुग्णालयाने दिलेलं शोभेचं प्रमाणपत्र म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. नोंद झाली का, याची खात्री महिन्याच्या आत करून घ्या.

नाव लावणं

बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी, आणि रुग्णालयाचं प्रपत्र बहुधा त्याआधीच कार्यालयात गेलेलं. त्यामुळे नावाचा रकाना कोरा राहतो, आणि कपाटातून दाखला काढून बघितला की ‘नाव’ या शब्दापुढे नुसती रेघ दिसते. यात काही बिघडलेलं नसतं. याच अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे नोंदीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव फुकट लावून मिळतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. अर्ज, बिननावाचा मूळ दाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रं एवढ्यावर काम होतं. आईने किंवा वडिलांनी स्वतः जावं.

घाई मात्र करू नका. पाळण्यातलं नाव एक, शाळेत घालायचं दुसरं असेल तर शाळेतलंच लावा. एकदा लागलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलणं याला कायद्यात दुरुस्ती म्हणत नाहीत, आणि अर्ज तिथेच अडतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार या सगळ्याला जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. थोरल्या मुलाच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर भागलं होतं, धाकट्याच्या वेळी भागणार नाही.

चूक सुधारणं

चूक सुधारायची ती याच अधिनियमाच्या कलम १५ खाली. अर्ज लिहिण्याआधी चूक कुठे घुसली ते शोधा, कारण कागदपत्रं त्यावर ठरतात. प्रपत्र १ मध्ये ‘महादेवी’ होतं आणि दाखल्यावर ‘महादेव’ छापलं, तर ती लेखनिकाची चूक. कार्यालयातल्या प्रपत्राशी ताडून निबंधक ती स्वतः सुधारू शकतो. सुरुवातीला काढलेला तो फोटो इथे कामी येतो: त्याच्याकडे बोट दाखवून मूळ प्रपत्र काढायला सांगता येतं.

प्रपत्रातच चुकीचं लिहिलं असेल तर ती आशयाची चूक. त्यासाठी संबंधित व्यक्तीचं आणि प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं प्रतिज्ञापन लागतं, शिवाय पुरावा. वडिलांच्या नावासाठी त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र. जन्मतारीख, वेळ, लिंग यासाठी रुग्णालयाचं पत्र आणि आंतररुग्ण नोंदवहीतल्या त्या पानाची साक्षांकित प्रत. रात्री बारानंतर झालेल्या जन्मात आदल्या दिवसाची तारीख पडणं ही नेहमीची चूक आहे आणि ती त्या पानावरूनच सुटते. बाळाचा शाळेचा दाखला तारखेसाठी दिला तर तो मानला जात नाही. तो जन्मानंतर पाच-सहा वर्षांनी, तोंडी सांगितलेल्या तारखेवरून बनलेला असतो.

मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतो आणि मग नवा दाखला निघतो. म्हणून एका अर्जात सगळ्या चुका एकदम मांडा: नावातली वेलांटी, इंग्रजी स्पेलिंग, पत्ता. दर वेळी एकेक चूक घेऊन गेलात तर कार्यालयाला शंका येते, आणि ती रास्त असते.

वडिलांचं नाव देण्याची एकट्या आईवर सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अविवाहित मातेला तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला देण्याचा आदेश दिला आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने एकल पालक व दत्तक पालक यांना कायद्यातच जागा दिली. खिडकीवर कुणी अडवलं तर हे दोन आधार अर्जात लिहून द्या.

जुन्या नोंदी शोधताना

बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे ही गावं १९९२ च्या हद्दवाढीत महापालिकेत आली. त्याआधी तिथे घरी झालेल्या जन्माची नोंद त्या वेळच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात असणार. शोधाच्या अर्जात नुसतं ‘सोलापूर’ लिहिलं तर चुकीची वही चाळली जाते आणि ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा हाती येतो. गावाचं तेव्हाचं नाव, वर्ष, आणि वर्ष नक्की नसेल तर मागचं-पुढचं एकेक वर्ष धरून शोध मागा.

त्याहून जुनी नोंद हवी असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही (गाव नमुना १४), बघावं लागतं. जुनी पानं मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर न्या. तिथे बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. भावंडं जास्त असतील तर कोणती ओळ कोणाची हे तारखांवरूनच जुळवावं लागतं, म्हणून सगळ्या भावंडांच्या तारखा लिहून न्या.

अडलं तर

अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध कलम २५अ प्रमाणे ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, आणि ते ९० दिवसांत निकाली काढायचं असतं. नुसता उशीर होत असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली प्रथम अपील. दोन्हीकडे पहिला प्रश्न पोचेवरच्या तारखेचा येतो.

ऑनलाइन निघालेल्या दाखल्यावरचा क्यूआर कोड लगेच स्कॅन करून बघा. तो सीआरएसओआरजीआय डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर उघडला पाहिजे. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं आहेत आणि तिथला दाखला पासपोर्टच्या टेबलावर जाईपर्यंत खराच वाटतो. जुना हस्तलिखित दाखला असेल तर तो लॅमिनेट करू नका. मागचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक वाचता आला तरच त्यावरून नवा संगणकीय दाखला काढणं सोपं जातं.