एक्सेल म्हणजे डेटाबेस नव्हे ओ!

"आमचा सगळा डेटाबेस एक्सेलमध्ये हाय की" हे कोल्हापुरात कुठल्याही दुकानात ऐकायला मिळतं आणि मला राहवत नाही. एक्सेल वाईट नाही, पण लिटरच्या रकान्यात 'उद्या देतो' टाइप केलं तरी ते मुकाट घेतं. बहुतेक डेटाबेसमध्ये रकाना आकड्याचा ठरवला की आकडाच.

गावातली दूध संस्था घ्या. एका टेबलात सभासद, दुसऱ्यात रोजचं दूध, म्हणजे पावती नंबर, तारीख, सकाळ का संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग). दुधाच्या टेबलात नाव लिहायचंच नाही, फक्त सभासद नंबर, कारण निम्मं गाव पाटील आणि नावंही तीच तीच. हा नंबर सभासदाच्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येकाची वेगळी ओळख. कुणाचा मोबाईल बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. टेबलं अशी मांडायची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांची, १९७० सालची.

आता माझा लाडका भाग, इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून क्रमानं लावलेली वेगळी यादी. हजार सभासद, दिवसातनं दोन वेळा, म्हणजे वर्षाला ७ लाख ३० हजार ओळी, दहा वर्षांत ७३ लाख. त्यातली एक पावती शोधायला पहिल्या ओळीपासून वाचत बसायचं का? नाही, इंडेक्ससाठी बी-ट्री नावाचं झाड वापरायचं. हे बायर आणि मॅक्राइट या दोघांनी बोइंगमध्ये असताना शोधलं. पावती नंबर क्रमानं लावून त्यांची पानं करायची, आणि प्रत्येक पानावरनं धरा खालच्या २०० पानांकडं वाट. २०० गुणिले २०० गुणिले २०० म्हणजे ८० लाख, म्हणजे तीन पानं उघडली की पावती हातात!

आणि पान भरलं तर? ते दुभंगतं, मधला नंबर वर सरकतो, वरचं पान भरलेलं असेल तर तेही दुभंगतं, आणि सगळ्यात वरचं दुभंगलं की त्याच्याही डोक्यावर नवं पान येतं, म्हणजे हे झाड (कॉम्प्युटरवाले मूळ वर काढतात) शेंड्याकडनं नाही तर मुळाकडनं वाढतं, म्हणून तळाची सगळी पानं कायम एकाच पातळीवर राहतात. भारी आहे की नाही?

सॉफ्टवेअर स्लो झालं की कोण मशीनला लिंबू-मिरची बांधतं, कोण 'एआय घ्या' म्हणून गळ्यात मारतं, आणि बऱ्याचदा नडलेला असतो एक इंडेक्स. तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्टसुद्धा एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतात, त्याच्या पोटातही बी-ट्रीच.

मग सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स टाकू? नको. दर नव्या पावतीला प्रत्येक इंडेक्सही दुरुस्त करावा लागतो, आणि सकाळी काट्यावर रांग लागलेली असताना ते परवडत नाही. बिलासाठी सभासद नंबर आणि तारीख यांचा मिळून एक टाका, फॅटवर कोण शोधायला बसलंय?