रस्त्याच्या गणितात दुचाकी का नाही?

पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला बघा, पुढे दुचाक्यांचीच गर्दी. डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना मात्र त्या कुणी मोजतच नाही.

सुरुवातीला हिशोब एका चाकाचा होता. पृष्ठभागावरचा भार खोलवर कसा विरत जातो, याची सूत्रं फ्रेंच गणिती बुसिनेस्कनं १८८५ मध्ये मांडली. १९२८-२९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ओ. जे. पोर्टर यांनी मातीची ताकद मोजणारी सीबीआर चाचणी आणली: माती जितकी मऊ, तितके वरचे थर जाड. महायुद्धात अमेरिकी लष्करानं ती धावपट्ट्यांसाठी उचलली आणि बी-२९ बॉम्बरच्या जोडचाकांपाशी गाडी अडली. भार एका चाकाचा धरायचा की दोन्हींचा? उत्तर खोलीवर ठरतं. दोन चाकांमधल्या फटीच्या निम्म्या खोलीपर्यंत प्रत्येक चाक स्वतंत्र. चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या दुप्पट खोलीवर दोन्हींचा भार एकवटतो. मधल्या पट्ट्यासाठी बॉइड आणि फॉस्टर यांनी १९५० मध्ये समतुल्य एकचाकी भाराची रीत दिली. ईएसडब्ल्यूएल म्हणून ती सिव्हिलच्या पोरांना अजून परीक्षेत छळते.

खरा धक्का दिला तो इलिनॉयमधल्या ओटावाजवळच्या चाचणीनं. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं तिथं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवले गेले. निष्कर्ष: रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. प्रमाण ठरलं ८.१६ टनांचा, म्हणजे ८० किलोन्यूटनचा अ‍ॅक्सल. त्याच्या दशांश भाराचा, मोटारीसारखा, अ‍ॅक्सल दहा हजार वेळा गेला तरी झीज जेमतेम एकाइतकी. दुचाकी तर खिजगणतीतच नाही. उलट आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. वाढ दिसते सव्वा टनाची, पण झीज प्रमाण अ‍ॅक्सलच्या २.४ पटींवरून ३.९ पटींवर जाते. हे कायद्यात बसणाऱ्या ट्रकचं. खडीनं शिगोशीग भरलेल्या डंपरचं तुम्हीच मांडा.

भारतात हे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ मध्ये जयकर समितीच्या शिफारशीवरून स्थापन झाली. हे तेच मुकुंदराव जयकर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ग्रंथालयाच्या नावामुळे ते विद्यार्थ्यांना ठाऊक असतात, रस्त्यांमुळे सहसा नाही. आयआरसी ३७ ही डांबरी रस्त्यांची संहिता १९७० ची. तेव्हा दिवसाला तीन टनांवरची किती व्यापारी वाहनं, एवढंच मोजत. १९८४ पासून दशलक्ष प्रमाणित अ‍ॅक्सल मोजू लागले, २००१ पासून थरांमधल्या ताणाचं विश्लेषण आलं. आज त्यासाठीच्या आयआयटीपेव्ह या संगणक प्रणालीत भार भरतात तो अ‍ॅक्सलच्या एकाच बाजूचा: ३१० मिलिमीटरवर दोन चाकं, प्रत्येकी २० किलोन्यूटन.