व्हीपीएन व ऑनलाइन खासगीपणा

व्हीपीएन (व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क) : सार्वजनिक इंटरनेटवरूनच दोन टोकांमध्ये कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) ‘बोगदा’ तयार करून त्यातून माहिती नेण्याची पद्धत. ‘आभासी खासगी जाळे’ हे तिचे शब्दशः मराठी रूप. व्यवहारात मात्र व्हीपीएन हाच शब्द चालतो. घरून काम करणारा कर्मचारी कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो आणि एखादा मोबाइलधारक वर्गणीच्या सेवेतून आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील उपकरणाचा क्रमांक) झाकतो, तेव्हा तंत्र एकच असते, हेतू निराळा. प्रस्तुत नोंद मुख्यतः दुसऱ्या हेतूविषयी असली, तरी या तंत्राची घडण पहिल्या हेतूसाठी झाली आहे आणि खासगीपणाच्या बहुतेक उणिवा त्या घडणीतूनच आल्या आहेत.

उगम : जनकत्वाविषयी एकमत नाही. लोकप्रिय लेखनात हा मान मायक्रोसॉफ्टमधील गुरदीप सिंग पाल यांना व १९९६ च्या सुमारास पुढे आलेल्या पीपीटीपी या संकेतप्रणालीला दिला जातो. त्यावर दोन आक्षेप संभवतात. एक, या प्रणालीचा जो दस्तऐवज १९९९ मध्ये आरएफसी २६३७ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) निघाला त्यावर पाल यांच्यासह सहा लेखकांची नावे आहेत. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे : पीपीटीपी स्वतः काहीच कूटबद्ध करीत नाही, ते काम तिने वेगळ्या घटकावर सोपविले होते. तिच्या मायक्रोसॉफ्टने केलेल्या अंमलबजावणीतील दोष ब्रूस श्नायर व ‘मज’ (टोपणनाव) या सुरक्षातज्ज्ञांनी १९९८ मध्येच दाखवून दिले. उलट जॉन आयोनिडिस व मॅट ब्लेझ यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ‘स्वाइप’ या प्रणालीमध्ये संपूर्ण आयपी पुडके (इंटरनेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, पॅकेट) कूटबद्ध करून नव्या पुडक्यात घालण्याची, म्हणजे आजच्या बोगद्याची, कल्पना स्पष्ट आहे. आयपीसेक या आयपी पुडकी कूटबद्ध करण्याच्या प्रमाणित पद्धतीचे पहिले दस्तऐवज ऑगस्ट १९९५ चे आहेत. कूटबद्धता हा निकष मानल्यास स्वाइपचा दावा सरस ठरतो. नाव मात्र याहून जुने असून ते दूरध्वनी क्षेत्रातून आले असावे. तेथे १९८० च्या दशकात कंपन्यांना सामायिक यंत्रणेवर ‘आपली’ जाळी भाड्याने मिळत; त्यांत कूटबद्धतेचा संबंध नव्हता.

पुढील टप्पे सर्वपरिचित आहेत. जेम्स योनन यांची ओपनव्हीपीएन ही व्हीपीएन प्रणाली २००१ मध्ये आली. जेसन डोननफेल्ड यांची वायरगार्ड ही प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणक कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाली.

खासगीपणाची मर्यादा : व्हीपीएन नसताना एखादे संकेतस्थळ उघडले, तर एचटीटीपीएसमुळे (ब्राउझर व संकेतस्थळ यांच्यातील कूटबद्ध जोडणीमुळे) मजकूर झाकलेला राहतो, पण संकेतस्थळाचे नाव व वेळ इंटरनेट पुरवठादाराला बहुधा कळते. व्हीपीएन लावल्यावर त्याला एकच आयपी पत्ता आणि माहितीची ये-जा तेवढी दिसते. पूर्वी त्याला जे दिसे ते आता सेवाकंपनीला दिसू लागते. पाहणारा बदलला, इतकेच. खात्यात लॉगिन केलेल्याला ते संकेतस्थळ ओळखतेच; कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) किंवा ब्राउझरच्या ठेवणीवरून पटणारी ओळखही बोगद्याने पुसली जात नाही. जाहिरातींतील ‘पूर्ण निनावीपणा’ हा शब्द त्यामुळे टिकणारा नाही.

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हा दावा बाहेरून पडताळता येत नाही. तो क्वचितच कसोटीला लागला आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस तपासाचे वॉरंट घेऊन मुलवाड या सेवेच्या कार्यालयात गेले आणि ग्राहकांची माहिती न घेताच परतले. या सेवेत खाते म्हणजे केवळ एक क्रमांक असतो, ईमेलही मागितला जात नाही. याउलट २०१६ मधील एका अभ्यासात अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासली असता १८ टक्के ॲप माहिती कूटबद्धच करीत नव्हती, तर ६६ टक्क्यांमधून डीएनएस विचारणा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी) बोगद्याबाहेर जात होती.

गळती : डीएनएस, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) व वेबआरटीसी (ब्राउझरमधील थेट ध्वनी-चित्र संवादाची सोय) या माहिती बोगद्याबाहेर निसटण्याच्या नेहमीच्या वाटा. यांहून सूक्ष्म अशी ‘टनेलव्हिजन’ ही वाट मे २०२४ मध्ये उघड झाली. हॉटेलच्या वायफायला जोडताच तेथील डीएचसीपी सर्व्हर उपकरणाला पत्ता देतो; त्याचबरोबर १२१ क्रमांकाच्या पर्यायातून ‘अमुक पत्त्यांसाठी हा मार्ग’ असेही सांगू शकतो. हा मार्ग व्हीपीएनच्या मार्गापेक्षा अधिक नेमका (कमी पत्त्यांपुरता) असेल, तर उपकरण तोच निवडते. बोगदा चालू, पडद्यावरचे चिन्ह हिरवे, आणि माहिती बाहेरूनच निघालेली! जोडणी तुटलेली नसल्याने ती तुटताच इंटरनेट बंद करणारा ‘किल स्विच’ येथे जागा होईलच असे नाही. अँड्रॉइड हा १२१ क्रमांकाचा पर्याय मानत नसल्याने त्यावर परिणाम होत नाही. इतरत्र अनोळखी वायफायऐवजी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणे हा साधा उपाय आहे.

भारतातील नियम : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकाचे नाव, पडताळलेला पत्ता व संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती किमान ५ वर्षे जपणे बंधनकारक झाले. अंमलबजावणी पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत लांबली. तत्पूर्वीच एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर हलविण्याचे जाहीर केले. यांपैकी एक्सप्रेसव्हीपीएनचा ‘भारतीय’ आयपी पत्ता त्यानंतर सिंगापूर व ब्रिटनमधील यंत्रांवरून मिळू लागला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना ग्राहकनोंदीची ही सक्ती लागू नाही, असा खुलासा सर्ट-इनने नंतर केला.