मिश्रीने हिरडी परत भरून येत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत हिरडी झिजून दाताचं मूळ उघडं पडलं की सल्ला ठरलेला: "मिश्री घास, हिरडी घट्ट होईल, पुन्हा भरून येईल." हे खरं नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिनमुळे थोडा वेळ बरं वाटतं, पण रोजच्या घासण्याने हिरडी आणखी मागे सरकते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

मागे सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. मुळावर इनॅमलचं कवच नसतं, म्हणून गार पाणी लागलं की कळ येते आणि कीडही लवकर लागते.

यावर हिरडीचं कलम करता येतं. जागा सुन्न करून, बहुतेकदा तोंडातल्या टाळूच्या कातडीखालून पातळ थर काढतात आणि उघड्या मुळावर टाक्यांनी बसवतात. टाळूला कायमचं भोक पडतं ही भीती निराधार आहे. ती जखम साधारण २ ते ४ आठवड्यांत भरते. दोन दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता चांगली, हाड झिजलं असेल तर थोडाच भाग झाकला जातो. म्हणून दुखेपर्यंत थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती.

सगळ्यांनाच कलम लागत नाही. कित्येकांना दातांची सफाई, मऊ ब्रश आणि हलका हात पुरतो. कलम करायचंच असेल तर मिश्री आधी सोडा. तंबाखू चालू असेल तर ते नीट धरत नाही.