दातांमधली फट आणि टाळूची शिवण

मराठीत 'टाळू' हा शब्द दोन जागांसाठी वापरला जातो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याआधी तेलाने भरली जाते ती डोक्यावरची टाळू, आणि जीभ वर उचलली की जिला टेकते ती तोंडातली टाळू. शरीरातली ही ठिकाणे वेगळी असली, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही जागी कवटीची हाडे जन्मतः एकमेकांत मिसळलेली नसतात आणि त्यांच्यामध्ये मऊ, तंतुमय ऊती असते. डोक्यावरची टाळू बहुतेक बाळांत दीड-दोन वर्षांच्या आत भरून येते. तोंडातल्या टाळूच्या मध्यावरून जाणारी शिवण मात्र पूर्ण बालपणभर आणि किशोरवयातही बराच काळ जिवंत राहते. लहान मुलांचा अरुंद वरचा जबडा रुंद करणारी उपकरणे या शिवणीच्याच आधारावर काम करतात.

वरचा जबडा हे एकसंध हाड आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो डावा आणि उजवा अशा दोन हाडांचा बनलेला असतो. ही हाडे समोरच्या दोन दातांच्या मधोमध आणि तिथून मागे टाळूच्या मध्यरेषेवर एकमेकांना भेटतात. अगदी लहानपणी ही भेटीची रेषा बरीचशी सरळ असते. वय वाढते तशी ती नागमोडी होत जाते, आणि किशोरवयात दोन्ही बाजूंच्या हाडांची टोके बोटांत बोटे गुंफावीत तशी एकमेकांत अडकू लागतात. पुढे ठिकठिकाणी हाडाचे पूल तयार होतात आणि शिवण हळूहळू बुजत जाते. हे कोणत्या वयात घडेल याचा पक्का नियम नाही. पंधराव्या वर्षीच शिवण घट्ट झालेली मुले सापडतात, तशी त्यानंतरही काही वर्षे ती पुरेशी मोकळी असलेली मुलेही सापडतात.

जबडा अरुंद आहे हे ओळखायचे कसे? डब्याचे झाकण डब्यापेक्षा किंचित मोठे असते आणि त्याला बाहेरून झाकते. वरची दंतपंक्ती खालच्या पंक्तीवर तशीच बसायला हवी. वरचा जबडा अरुंद राहिला, तर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला उतरतात. दंतवैद्य याला क्रॉसबाइट म्हणतात. अनेकदा तो एकाच बाजूला दिसतो आणि त्यामुळे दोष त्या बाजूचा आहे असे वाटते. मात्र बऱ्याच मुलांत वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखाच अरुंद असतो. दात मिटताना दाढांची टोके एकमेकांवर अडकतात, आणि मूल सोयीची जागा शोधत खालचा जबडा एका बाजूला सरकवते. हनुवटी मध्यरेषेवरून ढळलेली दिसते ती यामुळे. वाढत्या वयात जबडा वर्षानुवर्षे असा सरकत राहिला, तर चेहऱ्याच्या दोन बाजूंची वाढ असमान होण्याची शक्यता असते. म्हणून हा दोष दिसल्यावर 'सगळे दात येऊ द्या, मग बघू' असे म्हणून थांबणे मला योग्य वाटत नाही.

कारणे एकाहून अधिक असतात. काही घराण्यांत जबड्याची ठेवणच अरुंद असते. दीर्घकाळ अंगठा चोखणाऱ्या मुलांत जीभ खाली दाबली जाते आणि गालांचे स्नायू वरच्या दाढांवर बाहेरून दाब देत राहतात. जीभ टाळूला टेकून राहिली, तर गालांचा हा दाब आतून तोलला जातो. ती खालीच राहिली, तर जबड्याला आतला आधार मिळत नाही. नाक सतत चोंदलेले असल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांतही जीभ अशीच खाली राहते. टाळू दुभंगलेल्या मुलांत शस्त्रक्रियेनंतरचा व्रण जबड्याची रुंदी रोखून धरतो, त्यामुळे त्यांच्या उपचारात जबडा रुंद करणे हा अनेकदा एक ठरलेला टप्पा असतो.

उपकरणाची रचना साधी आहे. वरच्या दाढांवर धातूच्या कड्या सिमेंटने चिकटवलेल्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या जाड तारांच्या मधोमध, टाळूखाली, एक छोटा स्क्रू असतो. त्याचा सर्वांत परिचित प्रकार हायरॅक्स या नावाने ओळखला जातो. पालकांना एक बारीक किल्ली दिली जाते. ती स्क्रूच्या पुढच्या छिद्रात घालून घशाच्या दिशेने ढकलायची, म्हणजे स्क्रू पाव वळसा फिरतो (यालाच इथे एक फेरा म्हणू) आणि उपकरण साधारण पाव मिलिमीटर रुंद होते. फेरा पूर्ण झाला की पुढचे छिद्र समोर दिसू लागते. ते दिसले नाही, तर फेरा अर्धवट राहिला असे समजायचे, कारण दुसऱ्या दिवशी किल्ली घालायला जागाच सापडणार नाही. किल्लीला लांब दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळावा, म्हणजे हातातून सुटली तरी ती मुलाच्या घशात जाणार नाही.

दिवसातून एक किंवा दोन फेरे, असे दोन ते तीन आठवडे चालते. अठ्ठावीस फेऱ्यांत स्क्रू सात मिलिमीटर उघडतो. आकडा लहान वाटला, तरी एका फेऱ्याने निर्माण होणारे बल काही किलोग्रॅम वजनाइतके असते. एरवी दात सरकवण्यासाठी काही ग्रॅमपासून काहीशे ग्रॅमपर्यंतचे बल वापरतात. इथे इतके मोठे बल मुद्दाम दिले जाते, कारण दातांना हाडातून सरकायला वेळ मिळण्याआधी शिवण उघडावी, असा हेतू असतो. फेरा दिल्यावर काही मिनिटे मुलाला दाढांवर, नाकाच्या मुळाशी किंवा डोळ्यांच्या खाली ताण जाणवतो, कारण वरचा जबडा त्या भागांतल्या हाडांनाही जोडलेला असतो. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते, 'ट', 'ड', 'ळ' यांचे उच्चार बिघडतात आणि पोळीचा घास तारांत अडकतो. बहुतेक मुले आठवडाभरात सरावतात.

मग एका सकाळी समोरच्या दोन दातांमध्ये फट दिसते आणि पालक घाबरतात. दात बिघडू नयेत म्हणून आणलेल्या मुलाच्या दातांत डोळ्यांदेखत फट पडावी, हे पाहून काळजी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र उपचार लागू पडत असल्याचे हे सर्वांत बोलके लक्षण आहे. स्क्रू दाढांना ढकलत असतो, समोरच्या दातांना त्याचा स्पर्शही नसतो. तरीही ते दात वेगळे झाले, याचा अर्थ त्यांच्यामागची दोन हाडे एकमेकांपासून दूर गेली.

हेच अनुमान सॅन फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य इमर्सन अँजेल यांनी १८६० साली मांडले होते. त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडात स्क्रूचे उपकरण बसवले आणि ते फिरवण्याचे काम तिच्याकडेच सोपवले. दोन आठवड्यांत तिच्या समोरच्या दातांत फट पडली आणि जबड्याची हाडेच विलग झाली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. समकालीनांना तो पटला नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला, त्यामुळे टाळूच्या आत काय घडले हे दाखवण्याचे साधनच अँजेल यांच्या हाती नव्हते. पुढे युरोपात काही ठिकाणी ही पद्धत वापरात राहिली. अमेरिकेत मात्र ती दंतवैद्य अँड्र्यू हास यांनी डुकरांवरील प्रयोगांनंतर रुग्णांवर वापरून १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या कामामुळे पुन्हा रुजली. बरोबर असलेल्या माणसाला पुराव्यावाचून राहावे लागले, हे वाचताना आजही हळहळ वाटते.

क्ष-किरण चित्रात उघडलेली शिवण काळ्या त्रिकोणासारखी दिसते. हा त्रिकोण समोरच्या दातांकडे रुंद आणि मागे निमुळता असतो, कारण मागच्या बाजूला जबडा कवटीच्या इतर हाडांत जास्त घट्ट रुतलेला असतो. ताणलेल्या तंतूंच्या कडेने हाड घडवणाऱ्या पेशी नवे हाड रचू लागतात आणि काही महिन्यांत तो काळा भाग पुन्हा पांढरा होतो. म्हणून फेरे थांबल्यावरही उपकरण तीन ते सहा महिने तोंडातच ठेवतात. 'आता फिरवायचे काही नाही, मग काढून का टाकत नाही?' असे पालक विचारतात. खरे बांधकाम याच काळात चाललेले असते. उपकरण लवकर काढले, तर भोवतालच्या ताणलेल्या ऊती दोन्ही हाडांना पुन्हा जवळ ओढतात. समोरच्या दातांमधली फट मात्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप मिटते, कारण हिरडीतले ताणलेले तंतू त्या दातांना एकमेकांकडे खेचून आणतात.

मिळालेली सगळी रुंदी हाडाची नसते. काही भाग दाढा बाहेर कलल्यामुळे मिळालेला असतो, आणि काही महिन्यांनी हिशेब केला तर हाडाचा वाटा साधारण निम्मा उरतो. ही घट गृहीत धरून वरच्या दाढा थोड्या जास्तच बाहेर नेऊन ठेवतात. वय वाढले आणि शिवण घट्ट झाली, की हाडाचा वाटा घटत जातो, दाढा नुसत्याच कलतात आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूची हिरडी मागे हटून दाताचे मूळ उघडे पडण्याचा धोका वाढतो. अशा वेळी टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू बसवून त्यांच्यावर उपकरण टेकवतात, किंवा शस्त्रक्रियेने हाड आधी सैल करतात.

दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या वयात, म्हणजे साधारण सात ते अकराव्या वर्षांत, इतके बल नेहमी लागतही नाही. चार वेटोळ्यांच्या तारेचे क्वाड हेलिक्स हे उपकरण हळुवार बलानेही काम करते. स्वीडनमध्ये झालेल्या एका चाचणीत मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले होते. क्वाड हेलिक्स बसवलेल्या सर्व मुलांत एका बाजूचा क्रॉसबाइट सुधारला, तर काढता-घालता येणाऱ्या प्लेटच्या गटात सुमारे एक तृतीयांश मुलांत अपयश आले. काढून ठेवता येणारे उपकरण मुले काढून ठेवतात, हे घरोघरी ठाऊक आहे.

क्रॉसबाइट नसताना, केवळ वाकड्या दातांसाठी जागा हवी म्हणून जबडा रुंद करण्याबाबत मी सावध आहे. सुळ्यांमागच्या उपदाढांमधली रुंदी एक मिलिमीटर वाढली, तर दंतकमानीची लांबी सुमारे ०.७ मिलिमीटरच वाढते. घोरण्यावर उपाय म्हणून जबडा रुंद करण्याबाबतही तसेच आहे. टाळूची वरची बाजू हीच नाकाची जमीन असल्यामुळे जबडा रुंद झाला की नाकातली वाट थोडी मोकळी होते, आणि झोपेत श्वास अडणाऱ्या काही मुलांत त्याचा उपयोगही दिसला आहे. परंतु वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागची ग्रंथी) आणि टॉन्सिल हे मुलांत घोरण्याचे नेहमीचे कारण असते, आणि त्याची तपासणी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे आधी व्हायला हवी.

उपकरण काढण्याचे काम काही मिनिटांचे असते. त्याखालची टाळू लालसर आणि किंचित सुजलेली दिसते. जिभेच्या पाठीवर तारांचा चौकोनी ठसा उमटलेला असतो, तो थोड्याच दिवसांत जातो. त्यानंतर रुंदी टिकवण्यासाठी एक पातळ प्लेट दिली जाते, आणि ती किती महिने वापरायची हे मुलाचे वय आणि उरलेले दुधाचे दात पाहून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची ठेवण सुधारणारे दंतवैद्य, ठरवतात.